जर्मनची डबी

कमळीच्या लग्नात सगळ्यात जास्त कमाई होणार होती ती तिच्या मामाची. मुखरू चामोर्शीत बाजा भाड्यानं देई. बाजा म्हणजे ग्रामोफोन. मालगुजारी गेली त्या साली मालगुजाराच्या पोरानं घरातलं सामान विकायला काढलं, तेव्हा मुखरूनं तो भोंग्यासकट उचलला, आणि तेव्हापासून आसपासच्या लग्नांत नवरदेवाच्या आधी मुखरू हजर. आता तर भाचीचंच लग्न. नवरदेव सिरोंच्याचा, वऱ्हाड मोठं. ते सगळे मांडवात बसून त्याचा बाजा ऐकणार आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तारखा तिथंच पक्क्या होणार. शिवाय बाजावरचा खर्च मामाचा अहेर म्हणून धरला जाणार. एकाच खर्चात नातंही सांभाळलं जातं आणि धंदाही, असा योग मुखरू सहसा चुकवत नसे.

अडचण एकच. बाजा मुका झाला होता. भोंग्याच्या नळीला पुढे एक गोल डबी असते, साउंडबॉक्स. तिच्यात पिन बसवून पिन तबकडीवर टेकवली की डबीतला पातळ पडदा थरथरतो आणि गाणं निघतं. माघात एका लग्नाहून येताना मुखरूची बंडी नाल्यात कलंडली आणि डबीतल्या अभ्रकाच्या पडद्याचा चुरा झाला.

घरात मुकं असं हे दुसरं. पहिली मनकर्णा, मुखरूची मोठी बहीण, कमळीची माय.

कमळी रांगत होती तेव्हा मनकर्णेच्या गळ्यात गाठ झाली. नागपूरला नेऊन ती काढली. जीव राहिला, आवाज गेला. त्याआधी गावात कुठंही हळद असली की मनकर्णेला बोलावणं यायचं. कमळी व्हायच्या आदल्या साली एक कंपनीवाला लग्नाची गाणी भरून न्यायला नागपूरला उतरला होता, तेव्हा मुखरूच तिला घेऊन गेला. कंपनी पुढं बुडाली. मनकर्णेच्या वाट्याला तिच्या गाण्याची एकच तबकडी आली. एका बाजूला तिचं हळदीचं गाणं, दुसऱ्या बाजूला कोण्या बुवाचं भजन. कमळीला आईचा आवाज ठाऊक होता तो एवढाच. बाजा घरी आल्यापासून ती दुपारी भोंग्यात लुगड्याचा बोळा कोंबून, आवाज बारीक करून तो ऐकत बसे.

मनकर्णा हातवारे करी आणि मुखरू त्यांचा अर्थ लोकांना सांगे. हा अर्थ बहुतेक वेळा मुखरूच्या सोयीचा निघे. तिनं पोटाकडे हात नेला की, "बाई म्हणते, मुखरूले जेवाले वाढा."

साक्षगंधाला सिरोंच्याची मंडळी आली. त्यांत नवरदेवाची आत्या. ती तेलुगूत बोलायची, पण टोमणा तिनं मराठीत मारला. "पोरीची हळद माय गाते ना? इथी कोण गाणार? मुकी?" मुकीला ऐकूही येत नसावं असा लोकांचा एक समज असतो. मनकर्णा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं पानाचं तबक पुढं केलं आणि आत गेली.

फाल्गुनात बहीण-भाऊ मोटारीनं चांद्याला गेले. मनकर्णेनं तबकडी लुगड्यात गुंडाळून मांडीवर धरली होती. गोल बाजाराच्या मागं लच्छू घडीसाजाचं दुकान होतं. घड्याळांच्या जोडीला तो बाजाचंही सामान ठेवी. त्यानं दोन डब्या काढून मांडल्या.

"ही अभ्रकाची. जुनी हाये, पण धड हाये. अन् ही नवीकोरी, जर्मनची. हिचा दाम तिच्या अर्धा."

"जर्मनची?" मुखरू हरखला. "थेट तिकडून आली?"

"तिकडून काऊन येईन भाऊ? तुमच्या घरी भात शिजवाचा जर्मनचा गंज नाई का? त्याच जर्मनचा पडदा हाये हिच्यात. हलका पत्रा."

मनकर्णेनं तबकडी काढून दिली. लच्छूनं आधी अभ्रकाची डबी लावून दोन ओळी वाजवल्या. आवाज गोड, मऊ, पण दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन दमला. मग जर्मनची लावली. रस्त्यावरचा भाजीवाला वळून पाहायला लागला.

"हेच पाह्यजे!" मुखरू म्हणाला.

"ऐका तर खरं." लच्छूनं पिन उचलली आणि मनकर्णेसमोर धरली. पिनेच्या टोकाला काळा भुगा लागला होता. "बाई, हे पाह्य. पत्रा हलका, पण ही डबी जड हाये. तबकडी खाते. अभ्रकाची घेशीन तर खाटेभोवती चार जणं बसून ऐकान, तुही नात बी ऐकन. ही घेशीन तर मांडवापार आवाज जाईन, पण लगनापुरताच समज."

मनकर्णेनं भुगा बोटाच्या टोकावर घेतला आणि उजेडाकडं धरून पाहिला.

वाटेत मूल गाव लागल्यापासून मुखरू मनात मुद्दे जुळवत आला होता. बाई अभ्रकाची मागेल, मग आपण काय म्हणायचं, ती रुसली तर काय म्हणायचं. त्यातलं काहीच लागलं नाही. मनकर्णेनं काळं बोट जर्मनच्या डबीवर ठेवलं.

"बाई म्हणते..." मुखरूनं सुरुवात केली आणि तो थांबला. बदलायला काही शिल्लकच नव्हतं. मग त्याच्या तोंडून असं वाक्य निघालं की चामोर्शीत कोणी ते खरं मानलं नसतं. "बाई, अभ्रकाचीच घे ना. वरचे पैसे मी टाकतो."

तिनं मान हलवली.

"काऊन पण?"

मनकर्णेनं डोक्यावरचा पदर ओढला, नाकातल्या मोठ्या नथनीशी बोट नेलं, ओठ वाकडे केले. हुबेहूब आत्या. मग गळ्यावर हात ठेवून तो दूर, दक्षिणेला, सिरोंच्याकडं फेकला.

लच्छूनं नजर घड्याळात घातली. मुखरूनं स्वस्तातली डबी बांधून घेतली. बहिणीचा शब्द मोडायचा नाही, असं तो पुढं सगळ्यांना सांगे.

वैशाखात लग्न लागलं. दूरचं वऱ्हाड म्हणून ते आदल्या दिवशीच, लाकूड नेणाऱ्या रिकाम्या लॉरीतून उतरलं. संध्याकाळी हळद. कमळी पाटावर बसली, बायांनी हात भरवले, आणि आत्या मांडवाच्या खांबाला टेकून, आता काय होतं ते पाहात उभी राहिली. मुखरूनं चावी भरली. नवी पिन लावली.

मनकर्णेचा आवाज काही नाजूक नव्हता. संध्याकाळी धानाच्या बांधीपलीकडून कोणी घरच्या माणसाला हाक मारावी तसा रुंद, आणि दर ओळीच्या शेवटी श्वास घेताना किंचित अडखळणारा. बायांचे हळदीचे हात कमळीच्या खांद्यावर तसेच राहिले. मागल्या आवारात मनकर्णेचा नवरा वारलू चुलीसाठी लाकडं फोडत होता. त्याची कुऱ्हाड थांबली ती गाणं संपेपर्यंत पुन्हा वाजली नाही.

गाणं संपलं. आत्या म्हणाली, "मळ्ळी!"

कोणाला कळेना. एकीनं पाण्याचा लोटा नेऊन दिला.

"मळ्ळी, मळ्ळी!" आत्या लोटा बाजूला सारत ओरडली.

"पुन्हा लावा म्हणते," लॉरीचा ड्रायव्हर हसत म्हणाला.

पुन्हा लागलं. मग अहेरीच्या पाहुण्यांनी मागितलं, मग उशिरा आलेल्यांनी, मग परत आत्यानं. गाण्यातले शब्द तिला फारसे कळत नव्हते, पण डोळ्यांना पदर लावून ती बसली होती. मुखरूकडे तारखा येऊ लागल्या आणि त्या नादात तो एकच पिन पुन्हापुन्हा वापरत गेला. मनकर्णा बाजाशेजारी बसली होती. दर वेळी गाणं संपलं की पिनेवरचा भुगा ती करंड्याच्या झाकणात पुसून घेई. मुखरूला वाटलं, बाई पिन साफ ठेवून राह्यली.

रात्र व्हायच्या सुमारास आवाजाआधी खरखर येऊ लागली. मुखरूनं डबी वर उचलून धरली. "बाई, बस झालं आता. राहू दे थोडं."

मांडवातून पुन्हा "मळ्ळी" आलं. मनकर्णेनं त्याच्या हातातली डबी घेतली आणि स्वतः तबकडीवर टेकवली.

दुसऱ्या दिवशी बिदाई. लॉरी सुरू होती. मनकर्णेनं झाकणातल्या भुग्यात तेलाचा थेंब टाकला, बोटानं कालवला आणि कमळीच्या उजव्या कानामागं तीट लावली. मग त्या कानावर तळहात ठेवून ती काही सांगू लागली. गळ्याकडे बोट, झाकणाकडे बोट, कानाकडे बोट.

"मामा, माय काय म्हणते?" कमळीनं रडतरडत विचारलं.

मुखरू अहेरीच्या माणसाशी भाड्याचं पक्कं करत होता. त्यानं मान अर्धी वळवून पाहिलं. "दृष्ट लागू नाई म्हणते."

पहिल्या दिवाळीला कमळी माहेरी आली. पाय धुतले न धुतले तोच म्हणाली, "मामा, मायची तबकडी लावा." मुखरूनं टाळायला पाहिलं, पण तिनंच चावी भरली. भोंग्यातून खरखर निघाली. फार कान दिला तर तिच्या खाली, नदीपलीकडं कोणी बोलावं तसं काहीतरी. कमळीनं तबकडी शेवटपर्यंत वाजू दिली.

"मले न्याची होती हे सिरोंच्याले," ती म्हणाली. "तुमी सगळ्यायनं वाजवून टाकली. मले इचारलं कोनं?"

मनकर्णा उठली आणि करंड्याचं झाकण घेऊन आली. कडेला अजून काळं होतं. तिनं तेच केलं जे बिदाईला केलं होतं. गळा, झाकण, कान. या वेळी मुखरूसमोर भाड्याचं बोलणारं कोणी नव्हतं. त्यानं झाकणाच्या कडेचं काळं बोटावर घेऊन पाहिलं.

"कमळे," तो म्हणाला, "तुह्या कानामागं लावलं होतं ना, ते काजळ नोयतं. पिनेवरचं होतं. तबकडीचं."

"तुमी तर दृष्टीचं म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

कमळीचा हात कानामागं गेला. सिरोंच्याला उतरल्या दिवशीच सासूनं तिला गोदावरीवर डोक्यावरून अंघोळ घातली होती. तिनं बोट समोर धरून पाहिलं. बोट स्वच्छ होतं.

तर हिशेब असा उतरतो. डबीचे पैसे मुखरूनं दिले, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते त्याला कितीक पटीनं परत आले. आत्यानं फुकट ऐकलं आणि आमच्या सुनेची माय कशी गाते हे अख्ख्या सिरोंच्याला सांगितलं. मनकर्णेचा गळा दुसऱ्यांदा गेला, पण या खेपेला तिनं तो स्वतःच्या हातानं दिला आणि जे पाहिजे होतं ते घेतलं. राहिली कमळी. तिनं काही मागितलं नव्हतं, तिला कोणी विचारलंही नव्हतं. वसुली मात्र तिच्याकडूनच झाली.