गंगुबाईंची कळ

नोएडात परवापर्यंत जिथे मोहरी पिकत होती, तिथे आता काचेचं हॉस्पिटल उभं होतं. खाली कारंजं, रिसेप्शनवर टाय लावलेली मुलं, आणि पेशंटला पेशंट म्हणायचं नाही, ‘गेस्ट’ म्हणायचं, असा वरून आलेला हुकूम. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर कुसुमावती मेश्राम यांनी तो हुकूम ऐकला आणि सोडून दिला. पाहुणा कंटाळला की घरी जातो, आजारी माणसाला ती सोय नसते, एवढं त्यांना आधीच्या सरकारी नोकरीने शिकवलं होतं.

त्यांच्या हाताखालच्या पोरींत उन्नती सगळ्यांत लाडकी, आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त बोलणी खाणारी. आईवडील नागपूरचे, पण पोरगी वाढली मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये. सुई अशी टोचायची की रडकं मूलही गप्प राहावं. मराठीचा मात्र आनंदीआनंद होता. तिच्या डब्यात केळी नसत, ‘केली’ असत. सिस्टर चिडवायच्या, "तुझ्या जिभेवर ळ ला जागाच नाही बघ." उन्नती हसायची आणि ते तिथेच राहायचं.

त्या दिवशी सकाळचा राउंड होऊन गेल्यावर सिस्टर ड्यूटीवर आल्या, तर गंगुबाई बोचकं बांधून पलंगावर बसलेल्या. नांदेडकडच्या या म्हाताऱ्या बाई लेकाकडे आल्या आणि चक्कर येऊन पडल्या, म्हणून दाखल झाल्या होत्या. हिंदीचा गंध नाही. लेक अंबादास सरकारी कचेरीत, तो दुपारी न्यायला येणार होता. ईसीजी साफ आला होता, डॉक्टर राजीवनी राउंडला डिस्चार्ज लिहिला होता. सगळं आलबेल होतं, फक्त बाईंचा तळवा छातीवर होता आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"काय होतंय, मावशी?"

"काही नाही गं बाई. कळ यायलीय मधूनमधून. त्या पोरीला सांगितलंय की सकाळीच."

सिस्टरांनी आधी बोचकं उचलून खाली ठेवलं, बाईंना आडवं केलं, ऑक्सिजन लावला. मग उन्नतीला बाजूला घेतलं.

"राउंडला सरांना काय सांगितलंस?"

"त्या छातीत कल म्हणाल्या. मग मी सांगितलं, छाती में कल दर्द था, आज ठीक है. कल म्हणजे काल ना?"

"कल नव्हे गं. कळ. दुखून येतं, थांबतं, परत येतं, ती कळ."

उन्नतीच्या आता लक्षात आलं. सिस्टर नसताना वॉर्डात मराठी म्हणून तिलाच पुढे केलं होतं, आणि मराठीनेच घात केला होता.

"जा, सरांना बोलाव," सिस्टर म्हणाल्या. "आणि चूक तूच सांग."

"सिस्टर, माझं नोकरीचं कन्फर्मेशन व्हायचंय अजून."

"म्हणूनच. आज झाकलीस तर जन्मभर झाकत बसशील. मी आहे पाठीशी."

डॉक्टर राजीव आले ते कपाळाला आठ्या घालूनच. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यामागेही रिकाम्या बेडचा तगादा होता. "ईसीजी तो नॉर्मल है, सिस्टर. नीचे दूसरा पेशंट बैठा है."

उन्नती पुढे झाली. "सर, गलती मेरी है. मैंने गलत बताया. दर्द कल नहीं था, अभी है. रुक रुक के आता है."

डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं.

"दर्द के टाइम का ईसीजी निकालिए, सर," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "तब तक ये बेड खाली नहीं होगा." आणि त्या पलंगाच्या कठड्याला टेकून अशा उभ्या राहिल्या की हलवायची कुणाची टाप नव्हती.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. मशीन आलं. पट्टी निघाली, ती त्यांनी एकदा वाचली, आणि मग सगळं भराभर झालं. गंगुबाई बोचक्यासकट हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात, सीसीयूत गेल्या. जाता जाता डॉक्टर उन्नतीला म्हणाले, "अच्छा किया, बता दिया."

सिस्टरांचा ऊर भरून आला. चुका करणारी माणसं त्यांनी पोत्याने पाहिली होती. चुका दुसऱ्याच्या गळ्यात घालणारीही. भरल्या वॉर्डात, नोकरी टांगणीला असताना ‘गलती मेरी है’ म्हणणारं हे पहिलंच माणूस, आणि ते त्यांच्या हाताखाली तयार झालं होतं. अभिमान वाटला, तो त्यांनी लपवला नाही. कँटीनमध्ये उन्नतीला स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी वाढली.

संध्याकाळी अंबादासलाही उन्नतीने स्वतःच सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन सरळ आईकडे निघून गेला, आणि ते तिला फार लागलं. पुढचे काही दिवस पोरगी चादरींच्या खोलीत एकटीच पुटपुटत असायची, कळ, केळं, बाळ, कळ.

गंगुबाई पलंगावर उठून बसायला लागल्या, तेव्हा ती भेटायला गेली. अंबादास उशाशी होता, सिस्टर दारात.

"आजी, आज कळ आहे का?" तो ळ इतका जड पडला की शेजारच्या पलंगावरचा माणूसही वळून बघायला लागला.

गंगुबाई हसल्या. लेकाकडून त्यांना सगळा घोळ कळला होता. "न्हाई गं माय. आज न्हाई. अन् कलची कळ कल बघू."

अंबादासही हसला, पुष्कळ दिवसांनी. मग उठून सिस्टरांपाशी आला आणि हळूच म्हणाला, "चूक केली ती हीच पोरगी."

"हीच ती," सिस्टर म्हणाल्या, "जिने ती सांगितली."