माझ्या भेगेत राहिलेले सोने

मित्रांनो, मी लोखंडाचा खल आहे, जुना आणि तळाशी भेग गेलेला. सोन्याच्या खाणीतले दगड माझ्यात कुटून त्यांचे पीठ करत. ओतशाळेतून मी थेट खाणीच्या तपासणी-खोलीत आलो, बत्ताही माझ्याबरोबरच आला. आज जे सांगणार आहे, ते सांगायला जीभ रेटत नाही.

मला सांभाळणाऱ्या बाई तिथल्या तपासनीस होत्या. दगडाचे पीठ भट्टीत वितळवून, एक टन दगडातून किती ग्रॅम सोने निघेल, ते त्या सांगत. दर नमुन्यानंतर त्या मला ब्रशने झाडत. मग साधी वाळू कुटून उरलेसुरले कणही काढत. "याचं त्याला लागता कामा नये," असे मदतनीस मुलींना बजावत. खाणीचे साहेब पाहुण्यांना म्हणत, "आमच्या खाणीचा खरेपणा या खलात आहे." ते ऐकून मी फुगून जाई.

पुढे दिवस फिरले. वरचे सोने संपले, खाण खोल गेली. पाणी उपसायला वीज, आत हवा पोचवायला वीज, माणसे वर-खाली न्यायला वीज. त्यात बाजारात सोन्याचा भाव पडला. टनामागे पाच ग्रॅम निघाले तरच खर्च सुटे, आणि निघत होते जेमतेम चार. काटकसर सुरू झाली. दोन्ही मदतनीस मुलींना घरी बसवले. माझ्या तळाला भेग गेली, म्हणून बाईंनी नव्या खलासाठी अर्ज दिला. साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

बाईंचा धाकटा भाऊ खाणीत ड्रिल चालवायचा. मशीनच्या गोंगाटातही त्याची हाक ऐकू येई, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. एका दुपारी तो सगळ्यात खालच्या थरातला नमुना घेऊन आला.

"ताई, आधी हा कर. यात काही नसेल तर खाणीला कुलूप. साहेब ताटकळलेत."

त्याआधी बाईंनी जुन्या साठ्यातला भरघोस सोन्याचा एक दगड माझ्यात कुटला होता. त्यांनी मला ब्रशने झाडले. वाळूचा डबा उचलला आणि तसाच परत ठेवला. पहिल्या दगडाचे कण माझ्या भेगेत रुतून बसले होते. मला ते कळत होते, पण मला वाचा नाही. भोंग्याचा दगड कुटताना ते कण त्यात मिसळले.

निकाल आला, सात ग्रॅम!

भोंग्याने सगळी खाण डोक्यावर घेतली. नवा बोगदा खणायचे ठरले. कामगार सहा महिने अर्ध्या पगारावर राबायला तयार झाले. भोंग्याने तर चालून आलेली दुसरी नोकरी नाकारली.

पाच महिने नुसता दगड निघाला. बाईंना अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी त्या नमुन्याचा उरलेला तुकडा उसन्या खलात कुटून तपासला. दीड ग्रॅम. मग माझ्यात साधी वाळू कुटून भट्टीत घातली. त्या वाळूतून टाचणीच्या टोकाएवढा सोन्याचा मणी निघाला.

बाई मला उचलून तडक साहेबांकडे गेल्या. "चूक माझी आहे. त्या दिवशी मी घाई केली. खालच्या थरात सोनं नाहीये."

साहेब माझ्या भेगेवरून बोट फिरवत राहिले. "नव्या खलाचा तुमचा अर्ज अजून माझ्याच टेबलावर आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी बाईंनीच सगळ्यांना खरे सांगितले. कुणी नको ते बोलले, कुणी पाठ फिरवून घरी गेले. संध्याकाळी भोंगा आला. त्याचा आवाज मलाही नीट ऐकू येईना.

"गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलं नसतं, ताई."

"अजून महिनाभर राबला असतास तू."

"पाच महिने राबलोच ना?"

एवढे बोलून तो निघून गेला.

खाण बंद झाली. भोंगा दूरच्या दगडखाणीत कामाला गेला आणि दोन वर्षे बहिणीशी बोलला नाही. बाई आता एका तंत्रशाळेत शिकवतात. मी तिथे त्यांच्या टेबलावर असतो, पण माझ्यात कुणी काही कुटत नाही. पहिल्याच तासाला बाई मुलांना माझी भेग दाखवतात आणि स्वतःची चूक सांगतात.

मित्रांनो, काम झाले की अवजार स्वच्छ करा. त्याला तडा गेला असेल तर कुणाला तरी सांगा, ऐकले नाही तर पुन्हा सांगा. आम्हाला बोलता येत नाही.

गेल्या आठवड्यात भोंगा तंत्रशाळेत आला. बहीणभाऊ बराच वेळ चहा पीत बसले. निघताना त्याने मला पाहिले.

"हा अजून ठेवलायस?"

"ठेवलाय."

त्याने माझ्यावर हात ठेवला आणि दारातून जुन्या मोठ्या आवाजात म्हणाला, "येतो, ताई!"