बदलीवर गेलेला माणूस

"ना स्नाउट, ना ट्वर्ल, आणि चहा म्हणजे नुसतं कोमट पाणी," फिंटन रायली पुटपुटला.

स्नेहलता त्याच्या हनुवटीवर वस्तरा फिरवत होती, त्यामुळे कुरकुर थेट तिच्या कानाशीच आली. "चहाचं बघते मी. आता हलू नका, नाहीतर कान जाईल."

"न्या. दोन आहेत."

हडपसरच्या पतपेढीतली नोकरी सोडून स्नेहलता नवऱ्याच्या मागोमाग आयर्लंडला आली, नावन गावात राहिली, एक कोर्स केला आणि इथल्या नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांच्या दाढ्या-अंघोळींना लागली. सासूबाईंना फोनवर "हॉस्पिटलात असते" एवढंच सांगायची. पुढचं त्या विचारत नसत, ही सांगत नसे. दोघींचं छान चाललं होतं.

फिंटन तिचा लाडका. टाय बांधल्याशिवाय नाश्त्याला न येणारा, चाकाच्या खुर्चीतूनही बायकांसाठी दार धरू पाहणारा. दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये त्याला मेंदूचा झटका आला आणि बोलण्यात कुठले कुठले शब्द यायला लागले. मॅनेजर ओर्ला म्हणाली, असंबद्ध बोलतो. डॉक्टरांनी मान डोलावली. मीटिंगमध्ये मुलीची सही झाली, की डंडॉक गावाकडच्या एका बंद वॉर्डात त्याला हलवायचं, हे जवळजवळ ठरलंच. तिथं दारांना कायम कुलूप असतं, हे कानावर गेल्यापासून फिंटन ताटाला शिवेना.

स्नेहलताला मात्र तो बरळतोय असं वाटत नव्हतं. तिला इंग्रजी सगळंच शिकून घ्यावं लागलं होतं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे जसं तिनं मुकाट्यानं पाठ केलं, तसेच फिंटनचे शब्दही केले. ट्वर्ल म्हणजे किल्ली. स्नाउट म्हणजे तंबाखू. ड्रम म्हणजे घर. म्हाताऱ्यानं कधी एकदाही अदलाबदल केली नव्हती.

"तुला कशाला गं नसत्या उठाठेवी?" संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता तिचा नवरा नरेश म्हणाला. "ती ओर्लाबाई तुलाच घरी बसवेल."

"बसवू दे. रोज तुझ्या हातचे नकाशे खाईन."

"खातेस ना पण? बरं, म्हातारा हे शिकला कुठं?"

"त्याची मुलगी ब्रीडा म्हणते, तरुणपणी इंग्लंडात कामाला होता."

"मग कामावरचे शब्द असतील."

"कुठलं काम म्हणून विचारलं, की ब्रीडा चहात साखर ढवळत बसते. साखर खात नाही ती, नरेश."

नरेशचं लाटणं थांबलं. "म्हणजे नरेंद्रकाकांसारखं?"

स्नेहलताचे नरेंद्रकाका बँकेतल्या कुठल्याशा भानगडीत सापडून काही वर्षं येरवड्याच्या तुरुंगात होते. घरात मात्र सगळे म्हणायचे, काका बदलीवर आहेत. सुटून आले तेव्हा आजीनं पाहुण्यांसमोर विचारलं होतं, "तिकडची हवा मानवली का रे?" काका म्हणाले होते, "बरी होती." बस. पुढं काका बरीच वर्षं जगले, पण त्या हवेबद्दल त्यांच्याशी कुणी चकार शब्द काढला नाही. ते गेल्यावर स्नेहलताला वाटलं होतं, एकदा तरी विचारायला हवं होतं. निदान जेवायला काय द्यायचे, एवढं तरी.

मीटिंगच्या दिवशी ब्रीडा नर्सिंग होमच्या छोट्या स्वयंपाकघरात एकटीच उभी होती, हातात कप घेऊन. ढवळत.

"माझे एक काका होते," स्नेहलता भांडी पुसत म्हणाली. "आम्ही म्हणायचो, बदलीवर गेलेत." आणि तिनं आजीचा प्रश्न आणि काकांचं उत्तर, दोन्ही सांगितलं.

ब्रीडानं चमचा बशीत ठेवला. हसली नाही, रागावलीही नाही. "उशीर होतोय आपल्याला," एवढंच म्हणाली.

मीटिंगला फिंटन निळा टाय लावून बसला होता. ओर्लानं गोड आवाजात सगळं मांडलं. "बोलण्याचा ताळमेळ राहिलेला नाही. त्याच्याच भल्यासाठी आहे हे."

"त्यांचे शब्द ठरलेले आहेत," स्नेहलता म्हणाली. "किल्लीला रोज तोच शब्द. घराला तोच."

"तू ग्रँड काम करतेस, स्नेहा. पण मी जन्मभर इंग्रजी बोलतेय. हे इंग्रजी नव्हे."

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. "मिस रायली, तुम्ही इथं सही केलीत, की सोमवारी हलवता येईल."

ब्रीडानं पेन घेतलं. वडिलांकडे पाहिलं. ते दाराच्या कुलपाकडे बघत होते. तिनं पेन खाली ठेवलं.

"इंग्रजीच आहे ते. तुरुंगातलं," ती म्हणाली. "माझे बाबा चोर होते. लोकांची कुलपं उघडायचे. तिकडे इंग्लंडात आत असताना हेच बोलायचे सगळे. आता चोरसुद्धा असं बोलत नाहीत, म्हणून तुम्हाला कळत नाही. झटक्यानं त्यांची जीभ त्या दिवसांत मागं गेलीय, डोकं जागेवर आहे. आणि पुन्हा कुलपामागं मी त्यांना पाठवणार नाही." तिचा आवाज जरा खाली आला. "आणि पकडले गेले ते एकदाच."

फिंटननं टायची गाठ सारखी केली.

"दोनदा, ब्रीडा," तो स्वच्छ आवाजात म्हणाला. "डॉक्टरांना खोटं सांगू नये."