किल्ल्यावरचं पाणी

शीलानं भाताची खळ बोटावर घेऊन पाकिटाच्या कडेला लावली आणि पाकीट पाट्याखाली दाबून ठेवलं. खळ वाळली की तेच पाकीट ओसरीवर नेऊन सासऱ्यांसमोर टरकन फाडायचं होतं. सहा महिन्यांतलं हे सहावं फाडणं. कडेला आता धड कागद उरला नव्हता, म्हणून तिनं आतून वहीची पट्टी चिकटवली. राणीचं तिकीट तेवढं शाबूत होतं. रखमाजी आधी तिकिटावरून अंगठा फिरवत आणि मगच "फोड" म्हणत.

वैशाखातली दुपार होती. खोडदच्या शिवारावर रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. शीलाचा नवरा गोरख त्याच दुर्बिणीवर तंत्रज्ञ होता. तीन वर्षांपूर्वी, शहाण्णव साली, तिथल्याच कुणाच्या ओळखीनं इंग्लंडात एका कारखान्यात लागला. दोन वर्षांत येतो म्हणून गेला, आणि घरात राहिले दोघं. काचबिंदूनं डोळे गेलेले रखमाजी, आणि सून शीला.

"आलं का गं?" ओसरीवरून आवाज आला.

"आलं मामा. पोस्टमन नाक्यावरच भेटला."

खोटं बोलावं पण रेटून, हे शीलाला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. इथं येऊन शिकली. दिवाळीत ती नारायणगावला पुखराजशेठच्या दुकानात फोन करायला गेली होती. काचेच्या खोक्यात उभी राहून तिनं गोरखचं बोलणं ऐकलं. माझी वाट बघू नको, म्हणाला. मी इथं दुसरं घर केलंय. दादांना तूच सांग, मला जमणार नाही. जीपमध्ये टोमॅटोच्या क्रेटला टेकून ती परत आली आणि रखमाजींना म्हणाली, फोन लागलाच नाही मामा. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला दाखवायचे?

त्यानंतर पत्रं ती लिहू लागली. गोरखनं सुरुवातीला एक रंगीत चित्रांचं पुस्तक पाठवलं होतं, तिकडच्या किल्ल्यांचं. इंग्रजी होतं, पण शीला बारावी झालेली. शब्दकोश मांडीवर घेऊन ती महिन्याला एक किल्ला सोडवायची.

किल्लेच का, तर त्याचं कारण रखमाजी. तरुणपणी त्यांनी पंचक्रोशीत विहिरी खोदल्या होत्या. पोराला पाचव्या वर्षापासून शिवनेरी, चावंड, हडसर पायाखाली घालायला नेलं. तट-बुरूज बघणाऱ्याला ते अडाणी समजत. शिवनेरीवर चढलं की आधी टाक्यांवर जायचे आणि काठीला दोरी बांधून पाण्यात सोडायचे. किल्ला भिंतीवर नाय, पाण्यावर लढतो, म्हणायचे. गोरख इंग्लंडात गेला तेव्हा निरोपाचं बोलणं एवढंच झालं, की तिकडं किल्लं बघशील तर पाणी बघून ये. त्यानं बघितलंही. पहिल्या वर्षी एडिंबऱ्याहून लिहिलं, दादा, विहीर अठरा परस, कातळात. उभा माणूस बुडेल इतकं खोल म्हणजे एक परस. त्या अठरा परसांवर रखमाजी महिनाभर खूश होते.

त्यांनी तिकिटावर अंगठा फिरवला.

"फोड."

शीलानं पाकीट फाडलं. घडी उलगडून वाचू लागली.

"तीर्थरूप दादांना गोरखचा साष्टांग नमस्कार. मागच्या रविवारी बोटीनं एका बेटावर गेलो होतो. तिथं कॅरिसब्रुक नावाचा किल्ला आहे. तिकीट काढून आत सोडतात. तिथं त्यांचा एक राजा कैदेत होता. त्यानं खिडकीतून पळून जायचं ठरवलं, तर गजांतच अडकला."

"राजा असून?" रखमाजी हसले. "फुडं?"

"आणि दादा, तुमचं पाणी. विहीर घरातच आहे. वर मोठं लाकडी चाक आहे आणि चाकाच्या आत गाढव चालतं. गाढव जागच्या जागी चालत राहतं आणि बादली वर येते. विहीर एकशे एकसष्ट फूट आहे."

रखमाजी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले.

"त्या गाढवाला संध्याकाळी सोडत असतील का गं?"

"ते नाय लिहिलेलं मामा."

"बरं. आनि त्या कामाचं काय म्हनतो त्यो?"

शीलानं कागद उलटला. हाच भाग तिनं चारदा लिहून चारदा खोडला होता.

पंधरा दिवसांपूर्वी तिचा भाऊ जानकू घोडेगावहून आला होता. तिथं मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीची जागा निघाली होती. राहायला खोली, एक जूनला हजर व्हायचं. तिचा अर्ज त्यानंच टाकला होता आणि निवडही झाली होती. जानकूला फोनचं माहीत होतं, पण बहिणीच्या शपथेमुळं तो रखमाजींसमोर गप्प बसला. फक्त म्हणाला, "शीले, अजून किती वर्षं?" त्यावर ती पटकन बोलून गेली, "ह्यांना पत्रानं विचारते. हो म्हनलं तर जाईन." तिला वाटलं, विषय मिटला. आंधळ्या माणसाला एकटं टाकून जायचं कुठं? आणि जायचं तर आधी सगळं सांगायचं. ते तिला मरणाहून अवघड वाटत होतं.

ती वाचू लागली. आवाज सपाट ठेवला.

"शीलाच्या नोकरीचं कळलं. माझी परवानगी नाही. मी येईपर्यंत तिनं घर सोडू नये. तुमची काळजी घ्यावी. कळावे, आपला, गोरख."

आपल्याच हातानं आपल्याला केलेली ती मनाई वाचताना तिला पहिल्यांदाच नवऱ्याचा राग आला. यातला एक शब्दही त्याचा नव्हता, तरी आला.

रखमाजींनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, "वही आन. जवाब लिहायचाय."

"आत्ता?"

"आत्ताच. माजं डोकं ठिकाणावर हाय तवर."

शीला वही घेऊन उंबऱ्याशी बसली.

"लिही. चिरंजीव गोरखला आशीर्वाद. पत्र पोचलं. गाढवाचं ऐकून लई हसू आलं."

तिनं लिहिलं.

"तू शीलाला नको म्हनतो, ते मला पटलं न्हाई. माजी काळजी करू नको. झुंबरबाईशी सकाळी बोललो. दोन भाकरी ती थापून देनार हाय, आनि गुरांच्या वाडग्यापातुर जायला मला दोरी बांधून देनार हाय."

शीलाचं पेन थांबलं. झुंबरबाई, रखमाजींची शेजारची भावजय, सकाळी ओसरीवर कुजबुजत होती खरी. शीला तेव्हा चुलीपुढं भात शिजवत होती. खळीसाठी.

"मामा, ते नको म्हणताहेत ना. मग कशाला?"

"तू लिही. मी सांगतोय त्ये लिही. शीलानं एक तारखेला घोडेगावला जावं. तिला आडवायचा तुला हक न्हाई, मलाबी न्हाई. तीन वरसं ती माजं डोळं झाली. चाकातल्या गाढवालाबी कुनीतरी सोडत असंल. लिहिलं?"

"लिहिलं." आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"आता शेवटचं. लिही, बाबा रं, हीर परसानं मोजायची असती. माज्या पोराला त्ये बोलायला यायच्या आधी ठावं व्हतं. त्यो झोपंतबी फूट म्हनायचा न्हाई."

शीलानं पेन खाली ठेवलं. वहीवर एक थेंब पडला आणि शाई पसरली. सहा महिने तिनं राजे मांडले, तट उभे केले, समुद्रही आणला, आणि पुस्तकात फूट होते म्हणून फूट लिहीत गेली.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"पयल्यापासनं."

"मग बोलला का नाय?"

"तुजा जीव रमतोय आसं वाटलं. येरवी तू बोलायचीच न्हाईस." त्यांनी चाचपडत हात पुढं केला. तो तिच्या डोक्याला लागायच्या ऐवजी खांद्याला लागला, तिथंच त्यांनी ठेवला. "जित्ता हाय ना त्यो?"

"जिते आहेत. दिवाळीत बोलले माझ्याशी. तिकडं दुसरं घर केलंय."

रखमाजींनी मान हलवली. पोराच्या बापानं करावा तसा संताप त्यांनी केला नाही. ओठ मात्र कितीतरी वेळ हलत होते.

"पत्ता घालू का पत्रावर?" शीलानं डोळे पुसत विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"नको. पोचलं त्ये."

शेजारी झुंबरबाईची कोंबडी ओरडत होती. शीला उठून आत गेली. वाटीतली उरलेली खळ तिनं उकिरड्यावर टाकली. परत येऊन बसली तेव्हा रखमाजी तसेच होते.

"त्या गाढवाचं तरी खरं का गं?"

"खरं आहे मामा. पुस्तकात फोटो आहे."

"पुस्तक व्हय." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "किती किल्लं ऱ्हायल्यात त्यातलं?"

"चार."

"मग जायच्या आधी चारी दाव मला."

शीलानं कोनाड्यातून ते पुस्तक काढलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच ते त्यांच्यासमोर उघडलं. डोंगरावरचा एक पडका किल्ला होता, बीस्टन नावाचा. ती ओळीवर बोट ठेवून अडखळत सांगू लागली. कुठल्याशा राजानं विहिरीत खजिना टाकला म्हणतात. लोकांनी शोधला, कुणाला मिळाला नाही.

"आनि पानी?"

पुस्तकात तीनशे सत्तर फूट होते. परसाला सहा फूट धरून तिनं वहीच्या कोपऱ्यात भागलं, पुन्हा एकदा भागून पाहिलं.

"एकसष्ट परस, मामा. वर थोडं."

रखमाजींनी हात वर केला आणि हवेतली दोरी ते हळूहळू खाली सोडू लागले. निम्म्यावर त्यांचा हात थांबला.

"लई खोल हाय," ते म्हणाले, आणि तोंडावर उपरणं धरून पहिल्यांदा रडले.