एक काळा, एक तपकिरी

डावा बूट सात नंबरचा होता आणि उजवा नऊ. गिऱ्हाइकाने दोन्ही बूट काउंटरवर शेजारीशेजारी ठेवले, मग स्टुलावर बसून डाव्या पायातला मोजा काढला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

“नव्या नोकरीचा आज पहिला दिवस,” तो साहेबांना म्हणाला. “काल घाईत इथे उजवाच घालून बघितला. घरात दुसरे बरे बूट नाहीत, म्हणून दिवसभर हेच घालून उभा राहिलो. तुमच्याकडे कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, हे बाहेर पाटीवर तरी लिहा.”

साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. त्यांचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो.

“पुरुषांची भिंत कोणाची?” त्यांनी हळूच विचारलं.

कोणाची ते त्यांना ठाऊक होतं. आमच्या दुकानात दोन भिंती, जमिनीपासून माळ्यापर्यंत खोकी. उजवीकडची बायकांची आणि मुलांची, ती माझी. डावीकडची पुरुषांची, ती निवांतरावची. हे त्याचं खरं नाव नव्हे. पण दुकानाला आग लागली तरी हा आधी चहा संपवेल, असं एकदा कुणीतरी म्हणालं आणि तेव्हापासून तेच नाव पडलं. त्यालाही ते आवडायचं.

त्या वेळी तो माळ्यावर होता. वर माल बघायला जातो म्हणायचा आणि खोक्यांच्या आडोशाला फोन घेऊन पडायचा. हाक मारल्यावर शिडीवरून एकेक पायरी मोजल्यासारखा खाली आला. बूट बघितले, गिऱ्हाइकाचा अंगठा बघितला.

“माझीच भिंत, साहेब,” तो म्हणाला. “बदलून देऊ की. बूट काय, चालत थोडेच जाणार होते?”

“चालत मीच गेलो,” गिऱ्हाईक म्हणालं.

कुणी हसलं नाही. निवांतरावच्या विनोदावर दुकानात कुणी हसलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“उद्यापासून येऊ नकोस,” साहेब म्हणाले. “दुकानाचा शर्ट आणि बूट आणून जमा कर.”

गल्ल्यावरच्या ताईंनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांकडे नाही, त्याच्याकडेही नाही. माझ्याकडे.

आता हे का, ते सांगायला हवं.

दिवसभर माणसं बूट घालून बघतात. दहा काढायला लावतात, एक घेतात, कधी तोही घेत नाहीत. संध्याकाळी प्रत्येक भिंतीखाली उघड्या खोक्यांचा आणि सुट्या बुटांचा ढीग पडतो. मग प्रत्येक बूट उलटा करून तळावरचा नंबर बघायचा, त्याचा जोडीदार शोधायचा. एकाच्या टाचेपाशी दुसऱ्याचा चवडा येईल असे ठेवायचे, मध्ये पातळ कागद घालायचा, नाड्या आत खोचायच्या, मग झाकण. याला आम्ही जोड्या लावणं म्हणतो. शाळेत ‘जोड्या लावा’चे गुण माझे कधी गेले नाहीत. पदवी घेऊन मी अजून तेच करतेय.

निवांतराव जोड्या लावत नसे, बूट कोंबत असे. हाताला लागतील ते दोन बूट, हाताला लागेल ते खोकं. झाकण बसलं की त्याच्यापुरतं काम झालं. बरेचदा तेवढंही नाही. ढीग तसाच टाकून तो दारातून हात हलवायचा.

“राहिलं ते उद्या, मास्तरीणबाई. बूट काय चालत जाणार आहेत?”

जोड्या कशा लावायच्या ते त्याला शिकवायला जायचे, म्हणून मी मास्तरीणबाई. पहिल्या खेपेला मीही हसले होते. मग दुसऱ्या दिवशी एक बाई नवऱ्यासाठी नेलेले दोन डावे बूट घेऊन परत आली आणि बोलणी मी खाल्ली, कारण समोर मी होते आणि तो माळ्यावर होता. तेव्हापासून माझी भिंत झाली की मी त्याची भिंत लावू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. लागलेली जोडी कुणाला दिसत नाही, चुकलेली तेवढी दिसते. तरीही काही बूट सुटायचेच. ज्यांचा जोडीदार कुणाच्या तरी घरी निघून गेलेला असायचा, त्यांच्यासाठी माळ्याच्या शिडीखाली एक टोपली आहे. एकट्यांची टोपली. तिच्यातले जवळजवळ सगळे त्याच्या भिंतीवरचे.

आणि इकडे मी त्याचे बूट उलटेपालटे करत असताना तिकडे माझी मुलगी पाळणाघराच्या दारात बसलेली असायची.

तिला अजून तीन पूर्ण व्हायचीत. बाकीची मुलं जायला लागली की ती आपले बूट घालून, पिशवी पाठीला लावून पायरीवर बसते. पाळणाघराच्या काकूंनी आत बोलावलं तरी उठत नाही. आई येणार म्हणते. मी गल्लीच्या तोंडाशी पोचते तेव्हा आधी मला तिचे बूट दिसतात. ती रडत नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात काकूंनी मला बाजूला घेतलं. बाई वाईट नाही. पण दमलेली होती.

“हे बघ, मलाही घर आहे,” त्या म्हणाल्या. “तुझ्या एकटीपायी माझा स्वयंपाक रोज लांबतो. आता एकदा जरी उशीर झाला ना, तर पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे बघ. मनाला लावून घेऊ नकोस.”

दुसरीकडे म्हणजे कुठे? नवऱ्याची दुसरी पाळी. आई आणि सासूबाई, दोघी रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. जवळपासची पाळणाघरं मी दोनदा पालथी घातलेली. ही जागा गेली की नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं.

म्हणून ते गिऱ्हाईक यायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी माझी भिंत झाल्यावर मी पर्स उचलली. डावीकडे ढीग पडला होता. निवांतराव त्याच्याकडे बघत उभा होता आणि मग माझ्याकडे.

“निघालात?” तो म्हणाला. खरंच आश्चर्य वाटलं होतं त्याला.

“हो,” मी म्हटलं. “आज तुमचं तुम्ही लावा.”

त्याने लावलं. म्हणजे कोंबलं. तेच खोकं दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या हातात पडलं.

एवढंच घडलं होतं. तरी तो गेल्यावर दुकानात असं सुतक की जणू मीच त्याचं काहीतरी हिरावून घेतलं. त्याला काढल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ल्यावरच्या ताई डबा उघडून नुसत्या बसल्या.

“काय हसताखेळता माणूस होता,” त्या म्हणाल्या. “दोन मुलं आहेत गं त्याला. तू एखादी संध्याकाळ थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“एखादी?” मी म्हटलं.

“चिडू नकोस. मी आपलं बोलले.”

“तुम्ही थांबला असतात तर काय बिघडलं असतं, ताई?”

“मी कशी थांबणार? माझी बस असते.”

हिची बस असते, त्याला चहा असतो, साहेबांना मीटिंग असते. माझी मात्र नुसती मुलगी असते.

आणि तरी, खरं सांगायचं तर, डावीकडे बघवत नव्हतं. मागे एकदा काकू आजारी पडल्या तेव्हा मी लेकीला दुकानात घेऊन आले होते. साहेब बाहेर गेले होते, नाहीतर दारातूनच परत पाठवलं असतं. निवांतरावने तिला पाय मोजायच्या पट्टीवर उभं केलं. दिवसभर तो तिचे पाय मोजत होता. “अरे बापरे, जेवल्यावर वाढले वाटतं! आता पुन्हा बघू.” ती इतकी हसली की तिला उचकी लागली. घरी ती त्याला बूटकाका म्हणते. त्या दिवशी त्याने कामाला हात लावला नाही, दोन्ही भिंती मी धावत पळत केल्या. पण माझ्या पोटातली रोजची ओढ त्या एका दिवशी नव्हती. त्याचाही मला राग येतो. माणसाने एक तर पुरता नालायक असावं.

दोन दिवसांनी संध्याकाळी तो शर्ट आणि बूट जमा करायला आला. दुकानात कामाला लागताना सगळ्यांना दुकानातलेच बूट देतात. गिऱ्हाइकाने आमच्या पायाकडे बघून ‘हे किती टिकतात’ असं विचारावं म्हणून. नोकरी सुटली की बूट परत. आमच्या नियमाप्रमाणे ते जोडी लावून, खोक्यात घालून द्यायचे.

शर्ट घडी करून आणला होता. बूट मात्र पायातच होते.

“दुसरं काही आणलं नाहीत पायात घालायला?” मी विचारलं.

“राहिलंच की,” तो म्हणाला आणि स्टुलावर बसला.

“घरी काय म्हणाले?”

“अजून कुठे सांगितलंय? सांगेन सावकाश.”

त्याने बूट काढले. उजव्या मोज्याला टाचेपाशी भोक होतं. मी खोकं आणि कागद त्याच्यासमोर ठेवला आणि बाजूला उभी राहिले, नंतर मलाच नीट करावं लागणार म्हणून.

त्याने खिशातला रुमाल काढून आधी तळ पुसले. डावा बूट ठेवला, त्याच्या टाचेपाशी उजव्याचा चवडा. कागद मध्ये घालून त्याच्या कडा दोन्ही बाजूंनी दुमडल्या. नाड्या आत खोचल्या, गाठ दिसू नये अशा. झाकण लावताना चारही कोपरे अंगठ्याने दाबले. मी दाबते तसेच.

म्हणजे येत होतं. सगळं येत होतं. वर्षभर मी त्याला एकेक गोष्ट सांगत होते, दाखवत होते, हा माणूस शिकतच नाही म्हणून कपाळाला हात लावत होते आणि त्याला यातलं काहीही अवघड नव्हतं. त्याने मान वर केली, तेव्हा माझ्या तोंडावर ते दिसलं असावं.

“तुम्ही होतात, म्हणून भागलं,” तो म्हणाला. टोमणा नव्हता. आभार मानत होता बहुतेक.

मी खोकं उचलून काउंटरवर ठेवलं. बोलले असते तर किंचाळले असते.

तो मोज्यांवरच शिडीकडे गेला आणि टोपलीत हात घातला. दोन्ही भिंती बुटांनी भरलेल्या आणि हा खाली वाकून एकटे बूट धुंडाळतोय. एक डावा काळा निघाला, चामड्याच्या टाचेचा. एक उजवा तपकिरी, रबरी तळाचा. पायात घालून त्याने दोनदा पाय आपटून बघितले.

“हे नेऊ का, साहेब?” त्याने विचारलं. “यांना तसंही कोणी विचारत नाही.”

साहेबांनी मान न वळवता हात हलवला. निवांतरावने सगळ्यांना नमस्कार केला, ताईंना, मला, भिंतीलासुद्धा, आणि निघाला. ताईंनी डोळ्याला पदर लावला.

साहेब माझ्याकडे वळले. “नवा माणूस मिळेपर्यंत दोन्ही भिंती तुझ्या. मिळेल महिन्या-दोन महिन्यांत. तुला काय, जमतं. नाहीतरी त्याची भिंत तूच लावायचीस.”

त्यांना माहीत होतं. मी उशिरापर्यंत गुडघ्यावर बसून काय करते, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

उजवी भिंत झाली होती. डावीकडे ढीग तसाच होता, उघडी खोकी, एकमेकांवर पडलेले बूट. बाहेर ऊन उतरत आलं होतं. आत्ता काकू पायरीवर बघत असतील, मग रस्त्याकडे.

मी पर्स उचलली.

“अगं, आणि हे?” साहेबांचा आवाज आणखी खाली गेला.

“राहिलं ते उद्या, साहेब,” मी म्हटलं. “बूट काही चालत जाणार नाहीत.”

ताई पदर हातात धरून बघतच राहिल्या. साहेब काय म्हणाले ते ऐकायला मी थांबले नाही. उद्या ते माझेही बूट काढून मागतील, हे काउंटरपासून दारापर्यंत जाताना माझ्या लक्षात आलं. पायांना ते कळलं नाही, ते चालतच होते.

तो कोपऱ्यापर्यंतच पोचला होता. एवढ्या वेळात दुसरं कुणी घरी गेलं असतं. एक काळा, एक तपकिरी. कुणी बघतंय का याची त्याला फिकीर नव्हती. मी शेजारून पुढे गेले.

“पळा, पळा, मास्तरीणबाई,” तो मागून म्हणाला. “पायरीवर बसली असेल.”

म्हणजे हेही माहीत होतं.

मी मागे वळले नाही. बरंच अंतर तो ऐकू येत राहिला. एक पाऊल वाजायचं, एक नाही, मग पुन्हा एक वाजायचं.