दुसरं नाव

कुत्र्यांची पिल्लं विकणाऱ्या बाईंनी एक हात पिल्लाच्या छातीखाली घातला, दुसरा मागच्या पायांखाली, आणि ते आडवं उचलून प्रूफवाल्यांच्या मांडीवर ठेवलं.

"असंच उचलायचं. काखेत धरून लोंबकळवायचं नाही. डॅशहाऊंडची पाठ लांब असते, एकदा गेली की गेली."

प्रूफवाल्यांनी मान डोलावली. छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासली म्हणून हे नाव त्यांना चिकटलं होतं, आणि घरचेही गमतीत तेच म्हणत. पिल्लाने त्यांच्या शर्टाचं बटण चावून पाहिलं, नापसंत केलं आणि तिथेच झोपून गेलं. पाच मिनिटांत म्हाताऱ्याचा जीव जडला. पिल्लाची झोप मोडेल म्हणून त्यांनी समोर आलेल्या चहालाही हात लावला नाही.

थोरला मुलगा मोबाइलमधल्या यादीवर एकेक खूण करत होता. त्याने कशात कसूर ठेवली नव्हती. पिल्लांची आई समोर पाहिली, बापाचे कागद पाहिले, लसीचं कार्ड पाहिलं, डॉक्टरांचा दाखला पाहिला. तीन ठिकाणं नापास करून मग या बाई पसंत पडल्या. महिनाभर ही चौकशी चालली होती.

पुढच्या महिन्यात तो बायकोमुलांसह बदलीच्या गावी जाणार होता. तिथलं घर लहान, म्हणून बाबांनी इथेच एकटं राहायचं असं ठरलं होतं. ते ठरायला मात्र बहिणीला केलेला एक फोन पुरला. तिच्याकडे वरच्या खोलीला जिना आहे, बाबांना झेपणार नाही. खालच्या खोलीत व्यायामाची सायकल आणि कपाटं, तिथे पलंग कुठे टाकणार? झालं, विषय मिटला. नंतर दोघांनाही जरा चुटपुट लागली आणि कुणाला तरी सुचलं, बाबांना सोबत म्हणून कुत्रं घेऊ. छोटंसं, चांगल्या जातीचं.

बाईंनी अर्ज पुढे ओढला.

"दिवसाला किती तास एकटं राहील?"

"एकटं कसलं? बाबा चोवीस तास घरीच," थोरला म्हणाला.

"चार तासांच्या वर एकटं ठेवणार असाल तर मी देत नाही, आधीच सांगते. ही जात माणसाला चिकटून राहणारी. एकटी पडली की खाणं सोडते, दाराकडे बघत बसते."

"अरेरे," थोरला म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं.

"तुमचं वय, काका?"

"एकोणऐंशी."

बाईंचं पेन थांबलं.

"राग मानू नका. हे चौदा-पंधरा वर्षं जगेल. घेणारा सत्तरीच्या पुढचा असला की मी दुसरं नाव मागते. तुम्हाला काही झालं तर याला कोण घेणार, त्याचं. आणि त्या माणसाशी मी स्वतः बोलते. त्याशिवाय पिल्लू इथून हलत नाही."

"बरोबर आहे," प्रूफवाले म्हणाले. "मागे हाल नकोत कुणाचे."

थोरल्याने बहिणीला फोन लावला, स्पीकर सुरू करून मोबाइल टेबलावर ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. बाबा शेजारीच बसलेत, एवढंच सांगायचं राहिलं.

"अगबाई, मी घेईन की! त्यात विचारायचं काय? तू फोटो पाठवलास तेव्हापासून मुलं वेडी झालीत."

"ताई, त्याला ठेवणार कुठे ते सांगा," बाई मोबाइलकडे वाकून म्हणाल्या. "घरात जिना आहे?"

"आहे ना. पण मी उचलून नेईन. केवढंसं ते!"

"दिवसातून दहा वेळा?"

"मग खालची खोली देऊ त्याला. ती सायकल कोण चालवतंय? देऊन टाकते कुणाला तरी. कपाटं पॅसेजमध्ये सरकवली की झालं. ऊनही छान येतं तिथे."

"घरी कोण असतं?"

"मीच. दिवसभर भिंतींशी बोलत असते हो! मला तर सोबतच होईल."

"आणि त्याचं म्हातारपण? या जातीचे मागचे पाय कधीकधी जातात. उचलून बाहेर न्यावं लागतं, पुसावं लागतं. लोक नेमके तेव्हा टाकतात."

"छे, काहीतरीच! आपल्या घरचं झाल्यावर असं टाकतं का कुणी?"

थोरला स्पीकर बंद करायला धडपडला. बोट दोनदा भलतीकडेच पडलं आणि तोवर सगळं बोलून झालं होतं. त्याने बापाकडे पाहिलं. प्रूफवाले अर्ज वाचत होते. सवयीने प्रत्येक ओळीखालून त्यांचं बोट सरकत होतं. दुसरा हात पिल्लावर होता.

"बाई, यात एक दुरुस्ती आहे."

"कुठे?"

"पहिलं नाव खोडा. तिथे माझ्या लेकीचं लिहा. चार-दोन वर्षं माझ्याकडे काढायची आणि मग याचं घर बदलायचं, त्यापेक्षा आत्ताच जाऊ दे. एका जागी जीव लागला की हलवणं वाईट."

"बाबा, उगाच काहीतरी काय?" थोरला चिडला. "मग तुम्हाला सोबत कोण?"

"चार तासांची अट कुत्र्याला आहे रे. मला कुठे आहे?"

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण पक्क्या होत्या. पिल्लासाठी याहून चांगलं घर मिळणार नव्हतं, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी प्रूफवाल्यांच्या नावावर रेघ मारली आणि पिल्लू मांडीवरून अलगद उचलून घेतलं.

"बाबा?" मोबाइलमधून आवाज आला. "तुम्ही तिथेच आहात?"

"आहे."

लेकीने विचारलं, "म्हणजे... खरंच आम्हालाच देताय?"

"हो. खोली तेवढी लवकर मोकळी कर. मी येत जाईन त्याला बघायला."

"या ना बाबा, या की!" ती म्हणाली. "फक्त आधी फोन करून या हं."

"करीन," प्रूफवाले म्हणाले.