डब्यातला नाष्टा

लाल भोपळा किसून ठेवला की त्याला पाणी सुटतं. गाजराला कमी सुटतं. केळं कुस्करलं तर पाणी वेगळं होत नाही, ते सगळ्या पिठाला ओलावा देतं. निकिताला हे कळायला काही रविवार लागले. आधीचे मफिन मधोमध बसायचे, नंतरचे वरून फाटायला लागले. मग तिने गव्हाच्या पिठात थोडं ज्वारीचं मिसळलं, भोपळ्याचा कीस फडक्यात घट्ट पिळून घेतला, आणि मफिन हवे तसे फुगले. ती ओव्हनच्या काचेसमोर पाटावर बसून बघत राहिली.

हे सगळं एका बससाठी चाललं होतं. तिसगावहून नगरला जाणारी पहिली एसटी उजाडायच्या आत सुटते. नगरच्या एमआयडीसीत अन्नाचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने निकिताला एक तारखेपासून बोलावलं होतं. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर लग्न, मग संस्कृतीचा जन्म, मग संस्कृतीची शाळा, यात मधली वर्षं गेली होती. प्रयोगशाळेच्या मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "सॅम्पल सकाळीच येतात. उशिरा येणारं माणूस मला चालणार नाही. नक्की असेल तरच हो म्हणा, दुसरी मुलगी तयार आहे."

निकिता हो म्हणाली होती.

घरात कुणी नाही म्हणालं नाही. नवऱ्याचं, कानिफनाथचं, पेठेत खतं-बियाण्यांचं दुकान होतं. तो म्हणाला, "जा की. आईला तेवढं विचार." सासूबाई, भागूबाई, म्हणाल्या, "शिकलीयस तर जा बाई. सकाळचं तेवढं समद्यांचं उरकून जात जा."

सकाळचं म्हणजे नाष्टा. सासऱ्यांना, श्रीमंत आबांना, साखरेची गोळी घेतली की लगेच काहीतरी खावं लागायचं. कानिफनाथ खाऊनच दुकान उघडायला जायचा. संस्कृतीची शाळा सकाळची. आणि बस सुटायची तेव्हा यातलं एकही माणूस उठलेलं नसायचं. पोहे रात्री करून ठेवता येत नाहीत. थालीपीठ सकाळपर्यंत चिवट होतं. रविवारी भाजून, जाळीवर पूर्ण गार करून, डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवलेले मफिन मात्र चार-पाच दिवस चांगले राहतात. गूळ बेताचा, पोटात फळ आणि भाजी. आबांनाही चालण्यासारखे.

पहिला डबा तिने सोमवारी सासूबाईंपुढे ठेवला. भागूबाईंनी एक मफिन उचलला, उलटा करून बुड बघितलं आणि विचारलं, "कवाचा हाय?"

"कालचा."

भागूबाई तो मफिन घेऊन गोठ्यात गेल्या आणि हात झटकत परत आल्या. "म्हशीला लई आवडला," त्या म्हणाल्या.

"आई, खराब नाही झालेला. त्यात जंतू वाढायला—"

"जंतूचं कोन बोलतंय? शिळं ते शिळं. घरात धडधाकट बाई असताना मानसांनी शिळं खायचं व्हय?"

निकिताचं सगळं शिक्षण खराब झालेल्या अन्नाबद्दल होतं. शिळं हा त्यातला विषयच नव्हता.

तोडगा भागूबाईंनीच दिला. त्या बहिणीकडे शेवगावला निघाल्या तेव्हा पिशवीत दशम्या बांधत होत्या. आदल्या दिवशी संध्याकाळी केलेल्या. निकिता जवळ जाऊन उभी राहिली.

"या कालच्या ना, आई?"

"दशमी हाय ती. दशमी शिळी व्हत न्हाई."

"का?"

"पानी न्हाई लागत तिला. दुधात मळलेली असती. पान्याचं शिळं व्हतं, दुधाचं न्हाई."

निकिताने मान हलवली आणि त्याच रविवारी कृती बदलली. पाण्याचा थेंब नाही, सगळं दुधात आणि दह्यात. दही हवंच होतं, नुसत्या दुधात खायचा सोडा फुलत नाही. गूळ दुधात घातला तर दूध फाटतं, म्हणून तो किसून आधी केळ्यात कालवला. गाजरं धुऊन, पुसून, उन्हात फडक्यावर ठेवली. भागूबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. शंका निकितालाच आली.

"आई, गाजरातच पाणी असतं. पुष्कळ असतं."

"ते देवानं घातलंय. तू घातलंय का?"

"नाही."

"मग झालं."

सोमवारी पहिला मफिन देवापुढे ठेवला गेला, म्हशीला त्यातला चतकोर मिळाला आणि बाकीचे घराने खाल्ले. कानिफनाथने दोन खाल्ले. संस्कृतीने डब्यात दोन नेले आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणींसाठी अजून मागितले. आबा खाताना डोळे मिटून बसले. "भोपळा हाय ह्यात? कळत न्हाई बग. जन्मभर नको म्हनलो भोपळ्याला." पुढच्या तपासणीत त्यांची साखर जरा बरी आली. मफिनमुळेच असं म्हणायला काही आधार नाही, हे निकिताने दोनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. भागूबाई शेजारच्या केशरबाईंना सांगत होत्या, "सुनेच्या हाताचा गुन आला आमच्या ह्यांना." आणि मग, "तिच्या हातचं नसलं तर खातच न्हाईत आता."

निकिताने ते स्वयंपाकघरातून ऐकलं. भिजवलेल्या पिठात तिचा डाव तसाच राहिला. सोडा घातल्यावर पीठ थांबवून ठेवायचं नसतं हे तिला माहीत होतं, तरी थोडा वेळ राहिला.

एक तारीख जवळ आली तेव्हा तिने ठरवलं की आधी एकदा बघावं. आपण नसताना सकाळ कशी होते ते. रात्री जेवताना तिने सांगितलं, "उद्या मी नाही असं समजा. बसला गेले असं. डबा टेबलावर असेल."

"बरं," सगळे म्हणाले.

सकाळी ती गच्चीवर जाऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. दार उघडं होतं, खालचं सगळं ऐकू येत होतं. भागूबाईंनी चहा केला. नळ वाजला. कानिफनाथची आंघोळ झाली. खुर्च्या सरकल्या.

"आज्जी, भूक लागली," संस्कृती म्हणाली.

"थांब. मम्मी वाढंल."

"मम्मी गच्चीवर आहे."

"गच्चीवर न्हाई. नगरला गेलीय ती. तसं ठरलंय."

"मग कधी येणार?"

"संध्याकाळी."

"मग मी संध्याकाळी खाऊ?" डब्याचं झाकण वाजलं.

"हात घालू नगं त्यात! पोरीच्या जातीनं असं डब्यातून काढून खात्यात व्हय?"

झाकण परत बसल्याचा आवाज आला. मग कानिफनाथ म्हणाला, "आई, तू वाढतेस का?"

"मी कशाला बाबा. तिचं समदं मोजूनमापून असतंय. म्हनंल, सासूनं डब्याला हात लावला."

"आबा, तुम्ही घ्या मग."

"तू घे आधी."

"मी दुकानावर खाईन काहीतरी."

निकिताने जिन्याच्या कठड्याला धरलं. टेबलाभोवती चौघं होती, मध्ये भरलेला डबा होता आणि कुणाचाच हात पुढे येत नव्हता. त्यांना भूक होती, त्यांना मफिन आवडत होते, मफिन शिळे नव्हते. तिने एकेक करून सगळी कारणं काढून टाकली होती. तरी कुणी खात नव्हतं. खाली जाऊन वाढावं असं तिला वाटलं आणि ती जागची उठली नाही. अजून थोडं बघू, अशी प्रयोगशाळेतली जुनी सवय.

कानिफनाथची मोटरसायकल गेली. रिक्षावाल्याने हॉर्न दिला आणि संस्कृती उपाशीच पळाली. मग आबांचा आवाज आला, जरा लांबून आल्यासारखा, "भागू, घाम सुटलाय बग. हात कापायलाय."

निकिता जिना उतरली ती मध्ये कुठे थांबली नाही. आबांनी गोळी घेतली होती आणि पोटात चहाखेरीज काही नव्हतं, तोही बिनसाखरेचा. तिने साखरेचं पाणी त्यांच्या ओठांना लावलं, हळूहळू पाजलं. थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग तिने ताटलीत मफिन काढला आणि पुढे ठेवला. आबांनी तो लगेच खाल्ला.

"आबा, डबा समोर होता," ती म्हणाली.

"व्हय की."

"मग घ्यायचा ना."

आबा लाजल्यासारखे हसले. "आपल्या हातानं कसं घ्यायचं गं. सवय न्हाई."

"काढून घ्यायला आमी काय लॉजवर आलोय?" भागूबाई म्हणाल्या. त्या आवाज चढवून बोलत होत्या. "एवढं मानूस गेलं असतं, म्हंजी?"

त्या दिवशी निकिताच्या लक्षात आलं की नाष्टा आधी करून ठेवता येतो, पण वाढणं आधी करून ठेवता येत नाही. इतके रविवार ती चुकीच्या गोष्टीवर काम करत होती. आणि जितकं चांगलं केलं, तितकं ते तिच्याच हाताला चिकटत गेलं होतं.

तरी तिने एक उपाय काढला. "रात्रीच ताटल्यांमध्ये काढून झाकून ठेवते. ज्याची त्याची वेगळी."

"झाकलेलं ताट उशिरा येनाऱ्याचं असतं," भागूबाई म्हणाल्या. "घरातल्याचं न्हाई."

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी कानिफनाथ तिच्याजवळ येऊन बसला. तो वाईट बोलत नव्हता, त्याचा सूर समजुतीचा होता. "त्या मॅडमना सांग ना, महिनाभर थांबा म्हणून. आबांचं बघतेस तू."

"त्या थांबणार नाहीत."

"मग दुसरीकडे मिळेल. तुझ्यासारखीला काय कमी आहे?"

"तू वाढशील का? महिनाभर?"

तो खरंच विचारात पडला. "मी वाढलं असतं गं. पण आई बघेल ना."

निकिताने फोन हातात घेतला, मॅडमचा नंबर काढला. न येण्याबद्दल काय बोलायचं ते वाक्य तिने मनात दोनदा जुळवलं. मग फोन पालथा ठेवला आणि आबांच्या खोलीत गेली.

"आबा, उद्या गोळी घेतली की लगेच खायचं. कुणाची वाट बघायची नाही. कबूल?"

"व्हय," आबा म्हणाले. डॉक्टरांनाही ते असंच व्हय म्हणायचे.

पहाटे ती निघाली तेव्हा घरात आबांच्या खोलीतला दिवा लागलेला होता. तिने डबा टेबलावर ठेवला, झाकण काढूनच ठेवलं आणि मागे न बघता बाहेर पडली. स्टँडवर भाजीच्या गोण्या घेतलेले दोघं-तिघं होते. बस लागलेली होती. पुढच्या दारातून चढून तिने खिडकीजवळची जागा धरली, पर्स मांडीवर ठेवली.

तेवढ्यात खिडकीच्या पत्र्यावर कुणीतरी टकटक केली. खाली आबा उभे होते. कानटोपी, स्वेटर, एका हातात तो डबा. दुसऱ्या हाताने ते स्वेटरच्या आतून काहीतरी ओढून काढत होते. स्टीलची ताटली होती.

"आबा! गोळी घेतली?"

"घेतली की. म्हनून तर आलो पळत." त्यांना धाप लागली होती. त्यांनी डबा खिडकीतून आत दिला, मग ताटली वर धरली. "वाढ."

"आबा, डबा तुमच्या हातात होता."

"व्हय. वाढ की आता, बस सुटंल."

मागच्या सीटवरची बाई वाकून बघायला लागली. कंडक्टर दारातून म्हणाला, "आजोबा, नाष्टा घरी करत जावा की. एसटीचं काय हॉटेल केलंय का?"

"सून इथं हाय, तर घरी काय करू?" आबा म्हणाले, आणि दोघंतिघं हसले.

निकिताने डब्यातून एक मफिन काढला, खिडकीतून हात बाहेर काढून ताटलीत ठेवला. आबांनी तिथेच उभं राहून पहिला घास घेतला. तिने वरून बघितलं, त्यांनी गिळला, मग दुसरा घेतला. तिने डबा खाली दिला. त्यात अजून मफिन होते.

कंडक्टरने घंटी मारली. बस मागे सरकायला लागली तशी आबा दोन पावलं बरोबर चालले.

"काळजी करू नगं," ते ओरडून म्हणाले. "उद्यापासनं तुझी सासू बी येनारे. पोरीलाबी आनू. तेवढंच सकाळचं फिरनं हुतंय."

बस वळून रस्त्याला लागली. निकिताने खिडकीची काच लावली आणि कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा त्याला विचारलं, की ही गाडी उद्या स्टँडवर जरा आधी लागू शकेल का.